इंग्रजीत बोललं तर चालतं

रेवा आणि अर्णव,

गेल्या रविवारी फोनवर रेवाने विचारलं, "आजी, तुला कधी कोणी राइवल होतं का?" पुढच्या आठवड्यात वर्गात तिला रोजच्या आयुष्यातल्या विरोधाबद्दल आणि चुरशीबद्दल बोलायचं आहे, आणि सांगण्यासारखं काही सुचत नाही, असं ती म्हणाली. मी "विचार करून सांगते" म्हणाले, कारण दारात दूधवाला उभा होता आणि कुकरची शिट्टी होत होती. दोन्ही कामं उरकून अंगणात आले तर मार्चचा कोरडा वारा सुटला होता. लिंबाची पिवळी पानं झाडलेल्या अंगणात पुन्हा पसरत होती, आणि शेजारची सोनी परीक्षेचा इंग्रजी निबंध इतक्या मोठ्याने पाठ करत होती की तो मलाही पाठ झाला. अशाच एका मार्चमध्ये मी विरोध हाच विषय घेऊन नऊ मुलांना इंग्रजी शिकवलं होतं. तेव्हा रेवा पाळण्यात होती आणि अर्णव जन्मला नव्हता. म्हणून हे लिहिते आहे. आईला वाचून दाखवायला सांगा.

त्या वर्षी आमच्या शिरूर कासार तालुक्यात लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. विहिरींच्या तळाशी कबुतरं राहायला आली होती. जनावरांना घरी घालायला काडी नव्हती, तेव्हा गावाबाहेर माळावर छावणी उघडली. छावणी म्हणजे जनावरांचा मुक्काम. बांबू आणि हिरवी जाळी टाकून केलेल्या लांबच लांब सावल्या, त्यांच्याखाली दावणीला बांधलेल्या गाई, म्हशी, बैल, आणि प्रत्येकाच्या शेजारी त्या घरातलं कोणी तरी, बाजेवर. सकाळी टँकर यायचा, दुपारी चाऱ्याचा ट्रॅक्टर. चारा म्हणजे बहुतेक उसाचं वाढं, उसाचा वरचा हिरवा शेंडा. त्याला एक गोडसर, ओला वास असतो. कोरड्या माळावर तो वास आला की शेकडो माना एकदम वळायच्या आणि सगळ्या घंटा एकदम वाजायच्या. मी आयुष्यात बऱ्याच शाळांच्या घंटा ऐकल्या, पण इतकी मनापासून वाजलेली घंटा ऐकली नाही.

छावणी चालवायची गावची सोसायटी. सोसायटीत दोन पॅनल होती, छत्रीचं आणि विमानाचं. या त्यांच्या निवडणुकीतल्या खुणा. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत गाव असं पेटलं होतं की छत्रीवाल्यांनी विमानवाल्यांच्या हॉटेलात चहा पिणं सोडलं होतं. छावणीत मात्र दोघांची जनावरं समोरासमोर बांधलेली, मध्ये ट्रॅक्टरपुरती वाट. तुमचे आजोबा विमानाचे. माझ्या नावावर थोडी जमीन, त्यामुळे मीही सभासद, आणि मी छत्रीला मत दिलं होतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

दहावीची नऊ मुलं घरच्या जनावरांबरोबर छावणीतच राहत होती. बहुतेकांचे आईबाप ऊस तोडायला गेलेले, घरी म्हातारं माणूस, मग म्हशीपाशी कोण बसणार. सकाळची शाळा ती कशीबशी करायची, पण इंग्रजीचे जादा तास बुडायचे. मी निवृत्त होऊन दोनच वर्षं झाली होती. मुख्याध्यापक घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मॅडम, पोरं जादा तासाला येऊ शकत न्हाईत. तुम्हीच छावणीत गेलात तर?" मी दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तिथे हजर होते. फळा म्हणून प्रचाराची जुनी प्लायवूडची पाटी मिळाली. तिला काळा रंग दिला, तरी खडू फिरवला की आतून छत्रीचा दांडा दिसायचा.

आता चूक सांगते, कारण ती माझी होती. शाळेने तोंडी परीक्षेच्या जोड्या हजेरीच्या क्रमाने लावल्या होत्या. दोघांनी मिळून इंग्रजीत संवाद करायचा, त्याचे गुण. मला क्रम आवडतो, हे तुम्हांला माहीतच आहे. मी मुलांना त्याच क्रमाने बसवलं. मनीषा आणि कोमल यांचं आडनाव एक, म्हणून त्या शेजारी आल्या. आमच्याकडे आडनाव एक आणि शेतही शेजारी असेल, तर आधी भांडण आहे का हे विचारायचं असतं. तीस वर्षं शिकवून मी ते विसरले.

मनीषाची आजी गयाबाई ही कोमलच्या वडिलांची, आश्रुबाची, सख्खी चुलती. दोन्ही घरांच्या शेतांमध्ये एक बांध. त्या बांधावरून बारा वर्षं अबोला. बांधावरचा दगड कोणी हलवला यावर गयाबाईने मारुतीच्या पारावर आण घातली होती, लिंबागणेशच्या गणपतीची, की आपल्या घरातलं कोणी त्या घराशी बोलायचं नाही. आश्रुबाने तिथेच उभ्या उभ्या तीच आण आपल्या घराला घातली. तेव्हा या दोघी तीन-चार वर्षांच्या होत्या.

आमच्याकडे अबोला असला तरी काम अडत नाही. बोलायचं असतं ते भिंतीला, पोराला नाही तर जनावराला सांगायचं, समोरच्याने ऐकायचं. आश्रुबा सोसायटीच्या कमिटीवर होता आणि छत्रीच्या रांगेत चारा वाटायचा. गयाबाई त्याच रांगेत. तो आला की ती म्हशीकडे तोंड करायची.

"म्हशे, आज बी पेंढी वाळकीच आली बग. काही लोकांचे हात ओल्या पेंढीला लागतच न्हाईत."

आश्रुबाही म्हशीलाच उत्तर द्यायचा. "म्हशे, वाढं कालचं हाय. ऊस काय माझ्या परड्यात उगवतो का?"

"ऐकलंस? तोंड बग केवढं."

"तुझं आवर म्हणावं, मग माझं बग."

म्हैस दोघांचंही ऐकून घ्यायची आणि खात राहायची.

आश्रुबा तोडून बोलायचा, पण चारा कधी कमी द्यायचा नाही, हे मी पाहिलेलं आहे. काट्यावर पेंढी ठेवली की पारडं टेकल्यावर तो वरून आणखी चार कांड्या टाकायचा. गयाबाईला ते दिसायचं. ती त्याबद्दल म्हशीला कधी काही सांगत नसे.

मनीषाचे आईवडील सांगलीकडे ऊस तोडायला गेले होते. मुलगी हुशार होती. गणितं तोंडी करायची, अक्षर छापल्यासारखं. इंग्रजी वाचायची, लिहायची, पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. चाचणीत फक्त इंग्रजीत नापास झाली होती. मी हिशोब करून पाहिला, लेखी परीक्षेत ती काठावर पोचली असती, आणि तोंडीचे गुण मिळाले तरच पलीकडे गेली असती. नाही तर काय, ते गयाबाईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पोरीसमोर, अगदी सहज.

"इंग्रजीत गेली की दसऱ्याला हात पिवळे अन् कोयता. जोडी लागती ना बाई कोयत्याला."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मनीषा त्या वेळी वाढं निवडत होती. तिने मान वर केली नाही. पण त्यानंतर ती माझ्या तासाला सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागली.

आणि संवादाच्या वेळी या दोघी पाठीला पाठ लावून बसायच्या. "व्हॉट इज युवर नेम," असं कोमल बांबूला विचारायची. मनीषा उत्तरच द्यायची नाही. मी शाळेत जाऊन जोडी बदलून मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, यादी पुढे गेली. मी पुष्कळ बोलले. यादी पुढेच गेलेली होती.

मग मी त्या आठवड्याचा विषय बदलला. रेवा, तुझाच विषय. रोजच्या आयुष्यात तुमच्या विरोधात कोण असतं, ते इंग्रजीत सांगा. मला वाटलं, आडून का होईना, गाठ सुटेल. मुलं एरवी शेळीसारखी गप्प, पण विरोधक म्हटल्यावर प्रत्येकाला दोन तरी होते. एकाने टँकरचा ड्रायव्हर सांगितला, कारण तो नेमका विमानाच्या रांगेपाशी थांबतो. एकाने वीज सांगितली, ती अभ्यासाला बसलं की जाते. एक मुलगी उमापूरला मामाकडे राहून आलेली, तिने मामेबहीण सांगितली. तिला आपल्यापेक्षा दोन गुण जास्त पडतात आणि ते ती सणाला सगळ्यांसमोर सांगते. मी फळ्यावर दोन रकाने केले. एका बाजूला आपल्या वाटेत उभे राहणारे, दुसऱ्या बाजूला आपल्याला हवं तेच मागणारे. मामेबहीण दुसऱ्या रकान्यात गेली. वीज कुठे घालायची यावर वाद झाला. मी तिला तिसरा रकाना काढून दिला.

कोमलची पाळी आली. ती धीट होती, थोडी आगाऊच. उभी राहून माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, माय राइवल इज सिटिंग हिअर. बट आय कॅनॉट टेल हर."

मुलं हसली. मनीषाही हसली, तोंडावर हात ठेवून, आणि मी ते पाहिलं. ती जे ऐकून हसली ते कोमलचं वाक्य होतं. म्हणजे ऐकायला बंदी नव्हती. बंदी बोलण्याला होती, आणि ती कोणत्या बोलण्याला हे कोणी ठरवलंच नव्हतं.

मी तास संपवून गयाबाईच्या बाजेपाशी गेले. म्हटलं, "गयाबाई, तुम्ही आण घातली ती मराठी बोलण्याची. पोरी इंग्रजीत बोलल्या तर आण मोडते का?"

तिने मला खाली वर पाहिलं. "बाई, तुमी शिकल्याल्या माणसांनी असं वाकडं कशाला इचारावं?"

"पोरीचा कोयता टळतो का बघतेय."

तिने म्हशीची पाठ खाजवली. मग म्हणाली, "उद्या सांगते. घाई न्हाई देवाच्या कामात."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर यायची वेळ झाली तेव्हा तिने निकाल दिला, म्हशीला, आश्रुबाला ऐकू जाईल अशा आवाजात. "म्हशे, आण घातली तवा इंग्रजीचं माझ्या ध्यानातच न्हवतं. गणपतीच्या बी नसंल. ती बोली आणंत बसत न्हाई. पर मराठीचा एक शब्द आला, तर मोडली."

आश्रुबाने हातातली पेंढी खाली ठेवली. मागून चारा उतरवणारा त्याचा जोडीदार म्हणाला, "बोल की रे, काय बोलायचं ते." आश्रुबा म्हशीला म्हणाला, "इंग्रजीला आपली बी हरकत न्हाई."

माझ्या सगळ्या नोकरीत इतका कडक इंग्रजीचा तास झाला नाही. दंड करून, उभं करून मला जे जमलं नव्हतं ते गणपतीच्या आणेने झालं. गयाबाई स्वतः राखणीला बसायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण मराठी शब्द तिच्या कानातून सुटत नसे. एकदा मनीषा "बस" म्हणाली तेव्हा तिने काठी आपटली. गाडीची 'बस' हा शब्द इंग्रजांचाच, हे पटवायला मला सबंध दुपार लागली. शेवटी ती म्हणाली, "बरं, पर जपून वापरा."

बारा वर्षांचं भांडण त्या दोघींच्या तोंडी आलं, पण भांडायला भाषा होती पाठ्यपुस्तकातली. शिवी एकही माहीत नाही. माहीत काय, तर चर्चेच्या धड्यातली सभ्य वाक्यं.

"आय बेग युवर पार्डन," मनीषा म्हणायची, "बट इन माय ओपिनियन युवर फादर इज अ थीफ."

"आय डू नॉट अग्री विथ यू," कोमल म्हणायची. "थँक यू."

मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे, हसू दिसू नये म्हणून. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मराठीत त्यांना हे भांडण तयार मिळालं होतं, घरच्यांच्याच शब्दांत. इंग्रजीत प्रत्येक वाक्य शोधून काढावं लागत होतं, आणि शोधताना माणूस जरा थांबतो. दगड कधी हलला, कोणी पाहिला, तेव्हा कोण कुठे होतं, असे प्रश्न त्या एकमेकींना विचारू लागल्या. उत्तर दोघींनाही माहीत नव्हतं. मग रात्री घरच्यांना विचारून यायच्या.

तोंडी परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा मी बाजू उलट्या केल्या. मनीषाने आश्रुबाची बाजू मांडायची, कोमलने गयाबाईची. दोघी माझ्यावर रुसल्या. पण दुसऱ्याची बाजू मांडायची तर त्याच्याकडूनच माहिती घ्यायला हवी, म्हणून एक अख्खी दुपार त्या वाढ्याच्या ढिगाआड बसल्या होत्या. मनीषा विचारत होती, कोमल सांगत होती, मग उलटं. मनीषाच्या तोंडाचं कुलूप कोणत्या क्षणी निघालं ते मला सांगता येणार नाही. मी तेव्हा पाणी प्यायला गेले होते.

बोलायच्या दिवशी ट्रॅक्टर लवकर आला. आश्रुबा पेंढ्या उतरवत होता, गयाबाई बाजेवर होती. आधी कोमल बोलली. तिचं झाल्यावर गयाबाईने मला विचारलं, "काय म्हणली ती पोरगी माझ्याबद्दल?"

मी भाषांतर केलं, मोठ्याने. कोमल गयाबाईच्या तोंडून म्हणाली होती: आमची माणसं उसात होती. पलीकडच्यांनी नांगरट केली, आमची वाट बघितली नाही. माझा लेक परत आला तेव्हा दगड आमच्या रानात होता. आम्हांला दोन हात जमीन नको होती. आम्ही गावात नसलो तरी आम्ही आहोत, एवढं त्यांनी धरायला हवं होतं.

गयाबाई बाजेवर पुढे सरकून बसली. हे तिनेही कधी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

मग मनीषा उभी राहिली. भाड्याचा ट्रॅक्टर एकच दिवस गावात होता, ती आश्रुबाच्या तोंडून म्हणाली. वळताना फाळात दगड आला. मी तो अंदाजाने परत बसवला. चुलतभाऊ आला की दोघं मिळून सरळ करू असं मनात होतं. पण त्याआधी माझ्या चुलतीने मला पारावर चोर म्हटलं. तिच्या हातची भाकरी खाऊन मी मोठा झालो. चोर म्हटल्यावर मला दगड हलवता येईना.

हेही मी मोठ्याने मराठीत सांगितलं. आश्रुबा ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा होता. तो म्हशीजवळ आला, तिच्यापुढे पेंढी सोडली आणि म्हणाला, "म्हशे, थांबाय पायजे होतं. ते ऱ्हाऊन गेलं."

गयाबाईने पेंढीतली एक कांडी उचलली, मोडून पाहिली, पुन्हा टाकली. "म्हशे," ती म्हणाली, "आज वाढं बरं हाय."

यापुढे काही घडलं नाही. दगड तिथेच राहिला. मला त्या वेळी थोडं वाईट वाटलं. मला वाटत होतं की ते दोघं आता सरळ बोलतील, आणि मी ते सगळं केलं असं मला म्हणता येईल. आज मला ते हवंसं वाटत नाही. काही माणसांना एवढंच पुरतं की आपलं म्हणणं समोरच्याला बिनचूक पोचलं आहे.

तोंडी परीक्षा शिरूरला झाली. बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी विषय दिला, तुमच्या गावातली एक सहल. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. कोमलने सुरुवात केली, आमच्या गावात सहलीसारखं काही नाही. मनीषा म्हणाली, आय डू नॉट अग्री विथ यू, आमच्याकडे छावणी आहे. त्यानंतर त्या थांबेनात. परीक्षकांनी शेवटी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात वर केले.

निकाल आला तेव्हा मनीषा इंग्रजीत पास होती, फार थोड्या गुणांनी. तोंडीचे गुण काढून टाकले तर नापास. गयाबाईने मला बोलावून गूळ दिला आणि म्हणाली, "दसऱ्याला पोराला सांगितलं, तुमी दोघंच जा." दसऱ्याला तिचा लेक, मनीषाचा बाप भानुदास, आणि त्याची बायको पुन्हा सांगलीकडे गेले. मनीषा अकरावीला बीडला गेली.

परवा मी मुद्दाम चक्कर मारून आले. छावणीच्या माळावर आता सोसायटीचं नवं गोदाम आहे. गयाबाई दोन वर्षांपूर्वी गेली. तिला खांदा द्यायला आश्रुबा सगळ्यांत पुढे होता, आणि भानुदासने दहाव्या-तेराव्याच्या कामांबद्दल त्याला जे सांगायचं ते पुरोहिताला सांगितलं. कोमल लग्न होऊन उमापूरला आहे, तिथल्या दूध संस्थेचं संकलन बघते. मनीषा बीडच्या दवाखान्यात परिचारिका आहे. मी कोमलच्या केंद्रावर बसले होते तेव्हा तिला मनीषाचा फोन आला. कोमलने इंग्रजीतच मुलाचा ताप सांगितला, सासूचं गाऱ्हाणं केलं, दुधाची तक्रार केली, आणि मध्येच जोरात म्हणाली, "आय बेग युवर पार्डन." फोन ठेवल्यावर मी विचारलं, आता तरी मराठीत का बोलत नाही. ती म्हणाली, "मॅडम, आण हाय ना."

रेवा, हे तुला वर्गात सांगता आलं तर सांग. भानुदास आणि आश्रुबा अजून एकमेकांशी बोलत नाहीत. बांधावरचा दगड हलवला होता तिथेच आहे. मनीषा आणि कोमल एकमेकींशी आजपर्यंत मराठीत एक शब्दही बोललेल्या नाहीत, आणि इंग्रजीत रोज बोलतात.